निवृत्त गृहस्थाचे सुख

‘सेवानिवृत्ती’ हा शब्द आज घरोघरी रूढ झाला आहे. ‘वृत्’ या धातूला ‘नि’ हा उपसर्ग लागून ‘निवृत्ती’ शब्द सिद्ध होतो. परत फिरणे, थांबणे हा त्याचा अर्थ. तेव्हा सेवानिवृत्ती म्हणजे सेवेपासून परत फिरणे, असे शब्दावरून वाटेल. परंतु किंचित विचार केला असता त्यातील विसंगती ध्यानात येते. नोकरी सुटते तेव्हा वेतन थांबते आणि अधिकार सुटतो. सेवा थांबावी असे गीता गृहस्थास सांगत नाही. कर्म केल्यावाचून कोणीही क्षणभरसुद्धा राहू शकत नाही, हे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात स्पष्टच सांगितले आहे.

हा विचार विशेषतः अशा गृहस्थाने करावा की, जो नियत वयापूर्वीच स्वेच्छेने नोकरी सोडतो. केंद्र सरकारच्या सेवेत निवृत्तीचे सर्वसाधारण वय ६० असले, तरी २० वर्षांची पात्र सेवा झाल्यावर तीन महिन्यांची लेखी सूचना देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येते. भारत संचार निगमाने २०१९ साली ५० वर्षांवरील कर्मचाऱ्यांसाठी अशी योजना काढली, तेव्हा सुमारे ७८ हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी सेवामुक्त झाले. हातपाय धड आहेत, बुद्धी सतेज आहे आणि पुढे कदाचित वीस-पंचवीस वर्षे मोकळी आहेत, अशा या अवस्थेचे काय करावे?

प्रथम हेतू तपासावा. अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने नियत कर्तव्य टाकणे हा तामस त्याग. दुःखरूप वाटते, शरीराला क्लेश होतात, म्हणून टाकणे हा राजस. आणि कर्तव्य करीत असताच आसक्ती व फलेच्छा सोडणे हा सात्त्विक. मुलांचे शिक्षण अपुरे आहे, डोक्यावर कर्ज आहे, आणि तरीही केवळ वरिष्ठाशी पटत नाही म्हणून राजीनामा देणारा गृहस्थ राजस त्याग करतो. त्याला त्यागाचे फळ मिळत नाही, असे गीतेचे सांगणे आहे. उलट, कुटुंबाची सोय लावून, पत्नीशी विचारविनिमय करून, ‘पुरे एवढे’ असे म्हणून जो उठतो, त्याच्या निवृत्तीत सात्त्विक त्यागाचे बीज असते. बीजच म्हणावयाचे, कारण खुर्ची सुटली तरी खुर्चीचा अभिमान सुटेलच असे नाही.

या अभिमानाची परीक्षा घरातच होते. पंचवीस वर्षे ज्याचा दिवस कचेरीत गेला, तो सकाळपासून घरी बसू लागला की भाजी कशी चिरावी, दूधवाल्याचा हिशेब कसा ठेवावा, सुनेने केव्हा उठावे, याविषयी हुकूम सोडू लागतो. घराची घडी त्याच्या अनुपस्थितीत पत्नीने बसविलेली असते, हे तो विसरतो. अशा घरात निवृत्तीचे सुख कोणालाच मिळत नाही, आणि काही महिन्यांतच घरची माणसे ‘हे कामावर होते तेच बरे होते’ असे मनात म्हणू लागतात. म्हणून सतराव्या अध्यायातील वाणीचे तप निवृत्त गृहस्थाने नित्य आचरावे: जे बोलणे कोणास उद्वेग देत नाही, सत्य आहे, प्रिय आहे आणि हितकर आहे, तेवढेच बोलावे. विचारल्यावाचून सल्ला न देणे हेही या तपाचेच एक अंग होय.

आरंभीचा काळ बहुधा रिकामा व कडू वाटतो. फोन वाजत नाही, कोणी विचारावयास येत नाही. येथे सुखाचे त्रिविध विवेचन आठवावे. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे असते. राजस सुख आरंभी गोड व शेवटी विषतुल्य. निद्रा, आळस व प्रमाद यांतून उपजणारे सुख ते तामस. कडूपणाला कंटाळून जो दुपारच्या झोपेत वा पत्त्यांच्या डावात दिवस बुडवितो, तो अमृत येण्यापूर्वीच पात्र उपडे करतो.

महाभारतातील आश्रमवासिक पर्वात याविषयी एक मनन करण्याजोगा प्रसंग आहे. युद्धानंतर पंधरा वर्षे युधिष्ठिराच्या आश्रयाला राहून धृतराष्ट्राने वनात जाण्याचे ठरविले. जाण्यापूर्वी त्याने प्रजेला बोलावून आपल्या व आपल्या पुत्रांच्या अपराधांची क्षमा मागितली. त्याच्याबरोबर गांधारी, कुंती व विदुर ही घरची माणसे गेली. आणि संजयही गेला. ज्याने युद्धकाळी राजाला गीता ऐकविली, तोच संजय राज्य संपल्यावर उंचसखल वाटेवर अंध राजाचा मार्गदर्शक झाला, आणि कुंती गांधारीचे नेत्र झाली. संजयाला आता ना वेतन होते, ना राजाज्ञा. पदाचे नाते संपले तेव्हा माणसाचे नाते उरले.

जुन्या सहकाऱ्यांविषयी हीच दृष्टी हवी. सहाव्या अध्यायात भगवंतांनी सुहृद, मित्र, शत्रू, उदासीन, मध्यस्थ, द्वेष्य, बंधू, साधू व पापी अशा नऊ प्रकारच्या माणसांविषयी समबुद्धी ठेवणाऱ्यास श्रेष्ठ म्हटले आहे. कोणत्याही कचेरीत हे नऊही भेटतात! आचार्यांच्या भाष्यानुसार परतफेडीची अपेक्षा न ठेवता उपकार करतो तो सुहृद, आणि स्नेह ठेवतो तो मित्र. नोकरीत असताना बढती व बदली यांच्या सावलीत सुहृद होणे अवघड असते. निवृत्तीनंतर ते सोपे होते, कारण आता कोणाकडून काही घ्यावयाचे उरलेले नसते. साहेब आणि शिपाई एका बाकावर बसून चहा घेऊ शकतात.

मात्र ही बैठक जुने वैर उकरण्यासाठी नसावी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी वृद्ध सहकाऱ्याला बँकेत घेऊन जाणे, दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीला कुटुंबनिवृत्तिवेतनाचे कागद भरून देणे, जेथून प्रत्युपकाराची आशा नाही तेथे आपले ज्ञान देणे, हे सतराव्या अध्यायातील सात्त्विक दानच होय. आणि त्याबरोबर आठवड्यातून एकदा एकत्र बसून गीतेचे चार श्लोक अर्थासह वाचावेत. परस्परांना बोध करीत भक्त संतुष्ट होतात व रमतात, असे दहाव्या अध्यायात म्हटले आहे. मैत्रीचे याहून निर्दोष सुख दुसरे नाही.

तात्पर्य, निवृत्त गृहस्थाने आहार, विहार, निद्रा व कर्म प्रमाणात ठेवावे, घरात अधिकार कमी व हातभार अधिक द्यावा, आणि सहकाऱ्यांचा सुहृद व्हावे. नोकरी सोडण्यास एक अर्ज पुरतो. ‘मी कर्ता’ हा भाव सोडण्यास मात्र रोजचा अभ्यास लागतो, आणि त्या अभ्यासासाठीच हा अवकाश लाभला आहे.