'जंगल बुक' पहिलीच्या पोरांना दाखवावा का?



शनिवारी शाळेतल्या टीव्हीवर सिनेमा लावायचं ठरलं की 'द जंगल बुक'चं नाव हमखास पुढे येतं. प्राणी आहेत, जंगल आहे, वावगं काही नाही, हिंदीतही आहे. 'लहान मुलांचाच तर आहे, लावा की!' असं म्हणून आपण लावतोही. पण याच सिनेमाला एप्रिल २०१६ मध्ये आपल्या सेन्सॉर बोर्डाने 'यू' नाही, 'यू/ए' प्रमाणपत्र दिलं होतं. म्हणजे सगळ्यांनी बघायला हरकत नाही, पण १२ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांनी विचार करावा. बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांचं म्हणणं असं की थ्रीडीमध्ये प्राणी अंगावर झेपावल्यासारखे वाटतात, पोरं घाबरतील. त्यावर देशभर हसू झालं. १९९३ ची दूरदर्शनवरची मोगलीची मालिका बघत मोठी झालेली आपली पिढी हसण्यात पुढे होती.

हसायचं ते हसा, पण सिनेमा पुन्हा एकदा नीट बघा. टोळीचा म्हातारा प्रमुख अकेला बोलत उभा असतो आणि शेर खान त्याला एका झटक्यात कड्यावरून फेकून देतो. रक्त नाही, आरडाओरडा नाही. का नावाची अजगरीण मोगलीला विळख्यात घेत घेत त्याच्या बापाला वाघाने कसं मारलं ते दाखवते. आणि सगळ्यात वाईट प्रसंगात तर काहीच 'घडत' नाही. शेर खान रक्षाच्या पिल्लांजवळ निवांत बसून त्यांना कोकिळेची गोष्ट सांगतो, आणि आई लांबून बघत राहते. हिंदीत आवाज नाना पाटेकरांचा, मग काय विचारता! चौथीच्या मुलाला त्यातली धमकी कळते. पहिलीच्या मुलाला फक्त पिल्लांजवळ बसलेला वाघ दिसतो.

हा फरक मला प्रमाणपत्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो. जोआन कँटर या अमेरिकन संशोधिकेने मुलं पडद्यावरच्या कशाला घाबरतात यावर बरीच वर्षं काम केलं. अगदी लहान मुलं दिसण्याला घाबरतात: दात, डोळे, माणसाचं अचानक बदललेलं रूप. 'हल्क' मालिकेतला चांगला माणूस हिरवा राक्षस होतो, तिथेच बालवाडीच्या वयाची मुलं घाबरायची. तो कुणाला तरी वाचवायलाच निघालाय हे त्यांच्या लेखी नसायचंच. मोठी मुलं मात्र 'हे खरंच होऊ शकतं का' याला घाबरतात. म्हणून 'अरे, खोटं आहे ते' हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाला पटतं, पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्याचा फारसा उपयोग नसतो. त्याला मांडीवर घ्या, हात धरा, आवाज कमी करा, खाऊ द्या.

आता आपल्या जालन्याकडे या. दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत, एकाच टीव्हीपुढे बसतात. २०२४ पासून नवीन सिनेमांना यूए ७+, १३+, १६+ असे वेगळे गट मिळतात. चांगली सुधारणा आहे, पण खोली एकच असली तर सहा वर्षांच्या पोराला कुठे बसवणार? शिवाय शेतवस्तीवरून येणाऱ्या लेकरासाठी साप ही जंगलातली गंमत नाही. रात्री बाहेर जाताना आई बॅटरी कशासाठी मारते ते त्याला माहीत असतं. शहरातल्या पोराला 'का' जितकी खोटी वाटते तितकी याला वाटणार नाही.

याहून नाजूक गोष्ट मोगली आणि रक्षाच्या ताटातुटीची. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांत दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात. काही लेकरं आजी-आजोबांकडे राहतात, काही हंगामी वसतिगृहात. आपल्याला तो प्रसंग गोड वाटतो, डोळ्यांत पाणी आणणारा वाटतो. ज्या पोरीची आई चार-पाच महिने फडात आहे, तिला तो कसा वाटत असेल? असा प्रसंग दाखवूच नये असं मी म्हणणार नाही. कधी कधी त्यामुळेच पोर पहिल्यांदा बोलतं. पण तो डिसेंबरात दाखवायचा की आई परत आल्यावर एप्रिलात, हे कुठलंही बोर्ड सांगणार नाही. ते वर्गशिक्षकालाच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी कुणाच्या घरी सध्या काय चाललंय ते माहीत असावं लागतं.

पालकांनाही एक सांगायचंय. 'झपाटलेला' (१९९३) आपण घरोघरी पोरांना मांडीवर घेऊन बघितला, आजही लागला की सगळे बसतात. लक्ष्मीकांत बेर्डेंमुळे हसायला येतं हे खरं. पण तात्या विंचू हा खेळण्यातला बाहुला आहे, आणि बाहुला तर घरातच असतो. चार वर्षांच्या मुलासाठी शेर खानपेक्षा तो जास्त जवळचा. 'घरी बसून बघायचा सिनेमा' आणि 'लहानांचा सिनेमा' या दोन गोष्टी आपण फार सहज एक करून टाकतो.

तर माझं मत असं. 'जंगल बुक' तिसरी-चौथीला पूर्ण दाखवा. पहिली-दुसरीला एक तास सेहेचाळीस मिनिटांचा अख्खा सिनेमा नको. तेवढा वेळ ती बसतही नाहीत. त्यांच्यासाठी बलूचा मधाचा भाग घ्या, खड्ड्यात पडलेलं हत्तीचं पिल्लू मोगली बाहेर काढतो तो घ्या. आणि दुष्काळात सगळे प्राणी वैर विसरून एका पाणवठ्यावर येतात तो प्रसंग तर आपल्या पोरांसाठीच केल्यासारखा आहे. टँकरची रांग बघितलेल्या लेकरांना तो समजावून सांगावा लागत नाही. फक्त शेर खान येण्याआधी थांबवा. हे क्षण कुठे आहेत ते आदल्या दिवशी घरी बघून मिनिटांसह वहीत लिहून ठेवा. घाबरणाऱ्याला दाराजवळ बसवा, उठून जायची मुभा द्या, आणि कुणी 'भित्रा भित्रा' चिडवू लागलं तर लगेच थांबवा. सोमवारी 'काय शिकलात?' विचारू नका. चित्र काढायला सांगा, आणि वाघ कागदावर केवढा मोठा काढलाय ते बघा.