शोक आणि सुतक

घरात मृत्यू घडला, की समाचाराला आलेल्यांपैकी कोणीतरी गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार घेऊन आत्म्याचे अमरत्व सांगतो आणि रडणाऱ्यास गप्प करतो. हेतू चांगलाच असतो. परंतु तेवढ्याने शोक शमत असता, तर तो प्रथम अर्जुनाचा शमावयास हवा होता. प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून गीता ऐकलेला हा वीर, युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडल्याचे कळताच शोकाने व्याकूळ झाला, आणि व्यासांनी ते झाकून ठेवले नाही. शांतिपर्वाच्या आरंभी तर राज्य हाती आलेले असूनही धर्मराज महिनाभर नगराबाहेर गंगातीरी राहतो. व्यास-नारदादी ऋषीच त्याच्या भेटीस येतात.

शास्त्राने शोकास मनाई केलेली नाही. त्यास अवधी नेमून दिला आहे. व्यवहारदृष्ट्या पाहता सुतक ही शोकाकुल माणसास मिळालेली रजाच होय. देवपूजा नाही, गोडधोड नाही, मंगलकार्य नाही. चूल थंड असते म्हणून शेजारी पिठले-भात आणून देतात. ज्या मुलाची बुद्धी त्या दिवसांत चालत नाही, त्याच्या हातांना मात्र काम असते: दिव्यात तेल घालणे, अस्थी वेचणे, जीवखडा सांभाळणे.

दहाव्या दिवसाचा काकस्पर्श तर नीट पाहण्यासारखा आहे. वडिलांबरोबर घाटावर जाताना आम्ही तो पुष्कळदा पाहिला आहे. पिंड ठेवलेला असतो, कावळा जवळ येतो, पण शिवत नाही. मग कोणी पुढे होऊन हात जोडून म्हणतो, "धाकटीचे लग्न आम्ही करून देऊ." दुसरा म्हणतो, "आईला अंतर देणार नाही." एरवी घरात जे कोणी उच्चारले नसते, ते तेथे चार माणसांसमक्ष बोलले जाते. कावळ्यास काय कळते, यावर वाद घालणारे घालोत. बोलणाऱ्याचे ओझे हलके झालेले आम्ही पाहिले आहे. तरीही कावळा न शिवल्यास दर्भाचा कावळा करून पिंडास शिवविण्याची सोय आहेच. रित्या मनाने कोणी घाटावरून परतू नये, ही त्यातील कणव.

हल्ली तीन दिवसांत सर्व उरकण्याकडे कल आहे. नोकरीची अडचण आम्हांस समजते. परंतु विधी लवकर आटोपला म्हणून दुःख आटोपत नाही. 2020 व 2021 साली महामारीत कित्येकांना अंत्यदर्शनही घडले नाही. त्या घरांतून अजूनही जुना शोक नव्याने वर येतो, यात नवल नाही.

खरी पोकळी जाणवते ती तेराव्याचे गोड जेवण झाल्यावर, पाहुणे गेल्यावर. समाचाराला जाणे खरे तर तेव्हा हवे. जावे, गेलेल्याचे नाव घ्यावे, त्याची एखादी आठवण सांगावी. नाव टाळल्याने दुःख टळत नाही. शोकाच्या पाच पायऱ्या हल्ली सर्वत्र सांगितल्या जातात. परंतु कुब्लर-रॉस बाईंनी 1969 साली त्या मांडल्या, त्या मरणोन्मुख रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढल्याच पाहिजेत, असे नाही. मात्र सहा महिने उलटूनही तीव्र शोकाने रोजचा व्यवहार मोडून पडला असेल, तर 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो उपचारयोग्य विकार मानला आहे. अशाने वैद्यास भेटावे, अथवा सरकारच्या टेली-मानस सेवेस 14416 या क्रमांकावर बोलावे. यात भक्तीची उणीव कोणी काढू नये.

राहिला मुक्या जिवांचा प्रश्न. घरची गाय किंवा कुत्रा गेला, तर सुतक नाही, समाचार नाही, उलट "जनावरासाठी एवढे काय?" असे ऐकावे लागते. मुलांना तर फारच. अशा वेळी अरण्यकांडातील जटायूची कथा काढावी. सीताहरणाहूनही या गृध्राचे मरण मला अधिक दुःख देते, असे श्रीराम लक्ष्मणास सांगतात. स्वतःच्या हाताने त्यास अग्नी देतात, पिंड ठेवतात, आणि मग दोघे बंधू गोदावरीवर जाऊन त्या पक्ष्यास उदक देतात.