दाद कुठे मागायची, ते भिंतीवर लिहू

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कुणाकडे मागायची? म्हण ऐकून माणसे हसतात. पण नीट ऐकली तर ती हसण्याची नाही. पाऊस कुणाचे ऐकत नाही, तसाच नवराही ऐकत नाही. म्हणून बाईने मुकाट सोसावे, असा तिचा अर्थ आहे.

पावसाविरुद्ध दाद आजही मागता येत नाही. नवऱ्याविरुद्ध मात्र मागता येते. तसा कायदा आहे. पण कायदा कोर्टात आणि मार खाणारी बाई घरात. दोघांची गाठ कोण घालणार? आपल्याला आता लिहिता-वाचता येते. तेव्हा हे काम आपणच करू. गावाच्या भिंतीवर मोठा कागद लावू. त्यावर एक चित्र आणि थोडी अक्षरे काढू. अशा कागदाला भित्तिपत्रक म्हणतात. कुणी पोस्टर म्हणतात. ते कसे करायचे, ते या धड्यात पाहू.

आधी माहिती घेऊ

भिंतीवर लिहिलेले सारा गाव खरे मानतो. म्हणून आधी खरे काय, ते समजून घेऊ.

बाईचे घरातल्या छळापासून रक्षण करणारा कायदा २००५ साली झाला. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. या कायद्यात छळ म्हणजे नुसती मारहाण नव्हे. घाणेरड्या शिव्या देणे, घरखर्चाला पैसा न देणे, घराबाहेर काढीन अशी धमकी देणे, हाही छळच. बायकोप्रमाणे आई, बहीण, मुलगी यांनाही हा कायदा उपयोगी पडतो. कोर्ट हुकूम देऊ शकते की, हिच्यावर हात टाकू नका, हिला घराबाहेर काढू नका. घर नवऱ्याच्या नावावर असले, तरी बायकोला त्यात राहण्याचा हक्क आहे. अर्ज करायला मदत व्हावी म्हणून सरकारने संरक्षण अधिकारी नेमले आहेत. १९८७ च्या एका कायद्याने बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तिचे उत्पन्न किती, हे त्यासाठी पाहत नाहीत.

दोन फोन नंबर पाठ करावेत. ११२ हा तातडीचा. तो लावला की पोलिसांची मदत मिळते. १८१ हा बायकांसाठी. तिथे आपली अडचण सांगता येते, सल्ला मिळतो.

हे दुःख किती घरांत असेल? २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर पाहणी केली. लग्न झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या बायकांना विचारले. नवऱ्याने कधी ना कधी मारहाण किंवा जबरदस्ती केली, असे देशात शंभरांतल्या सुमारे २९ जणींनी सांगितले. महाराष्ट्रात शंभरांत सुमारे २५ जणींनी सांगितले. शंभरांत २५ म्हणजे चौघींत एक. नळावर चार बायका उभ्या असतील, तर हा हिशेब मनात करून पाहा.

पण हा आकडा भित्तिपत्रकावर लिहू नका. आकडा वाचून माणूस हळहळतो आणि पुढे चालू लागतो. आपल्याला हळहळ नको, काम हवे.

कुणाशी बोलायचे?

एक भित्तिपत्रक एकाच माणसाशी बोलते. सगळ्यांशी बोलू गेले, तर ते कुणाशीच बोलत नाही. मग आपण कुणाशी बोलावे? मारणाऱ्याशी? तो कागद पाहून मान फिरवील. मार खाणारीशी? तिच्याशी बोलायचेच आहे, पण चारचौघांत नव्हे. ते पुढे सांगतो.

आधी शेजाऱ्याशी बोलू. भिंतीपलीकडचे रडणे त्याला ऐकू येते. मग तो कूस बदलून झोपतो. सकाळी विचारले तर म्हणतो, "नवरा-बायकोचं भांडण. आपण कशाला मधी पडा?" खोपटाला आग लागली, तर हाच शेजारी घागर घेऊन धावतो. तिथे तो म्हणत नाही की आग घरची आहे.

शेजाऱ्याला कायद्याची भीती वाटत असेल, तर तीही काढू या. छळाची खबर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो. खबर चांगल्या हेतूने दिली असेल, तर देणाऱ्यावर त्याबद्दल दावा लागत नाही. २००५ च्या कायद्यातच तसे लिहिले आहे.

शेजाऱ्याने काय करावे? २००८ साली ब्रेकथ्रू नावाच्या संस्थेने आपल्या देशात 'बेल बजाओ' ही मोहीम काढली. तिच्या जाहिरातींत शेजारी मारहाण ऐकतो, उठतो आणि त्या घराची घंटा वाजवतो. काहीतरी किरकोळ निमित्त सांगतो. तेवढ्याने मारणाऱ्याला कळते की, बाहेर कोणी ऐकत आहे. आपल्या गावात घंटा थोड्या दारांना असते. कडी सगळ्या दारांना असते. आपण कडी वाजवू. "वहिनी, थोडं विरजण आहे का?" एवढे विचारले तरी पुरे. एकट्याने जाऊ नका. दोघे-तिघे मिळून जा. हातात काठी नको, तोंडात शिवी नको. मारणाऱ्याच्या हातात कोयता-कुऱ्हाड दिसली, तर दाराशीही जाऊ नका. लांबून ११२ लावा. गावाचे नाव आणि घराची खूण सांगा.

चित्र कोणते?

पुष्कळ जण मार खाणारी, रडणारी बाई काढतात. समोर दांडगा पुरुष आणि त्याच्या हातात काठी. असे चित्र काढू नका. त्यात पुरुष जोरकस दिसतो आणि बाई लाचार दिसते. जिला मार बसतो, ती ते पाहून आणखी खचते. 'स्त्री ही देवी आहे' असेही लिहू नका. देवीला हात जोडतात आणि घरी जातात. करायचे काय, ते त्यात सांगितलेले नाही.

आपण बंद दार काढू आणि कडीवर एक हात. बस्स. दार गावातल्या एखाद्या ओळखीच्या घरासारखे दिसू नये. कुणाचे नावही नको. नाहीतर कागदावरून नवे भांडण उठेल आणि मार पुन्हा बाईलाच बसेल.

अक्षरे कशी?

शब्द थोडे असावेत. हे पाहा:

शेजारी मारहाण ऐकू येते?
कडी वाजवा.
थांबले नाही, तर ११२.

मोजा. शब्द नऊ आणि एक नंबर. उभ्या उभ्या वाचून होते. दहा फुटांवरून वाचायचे, तर अक्षर निदान एक इंच उंच हवे. वीस फुटांवरून वाचायचे, तर दोन इंच. पांढऱ्यावर पिवळे दिसत नाही. काळे किंवा गडद लाल लिहा. नंबर सर्वांत मोठा काढा. भिंतीवरच लिहायचे असेल, तर ऑइलपेंट घ्या. गेरू पावसात वाहून जातो. भिंत ज्याची असेल, त्याला आधी विचारा.

कागद तयार झाला की ज्याला वाचता येत नाही, अशा माणसाला दाखवा. "यात काय दिसतं?" विचारा. त्याने "कुणीतरी दार ठोकतंय" म्हटले, तर चित्र जमले. "चोर आलाय" म्हटले, तर हात बदला. हातात बांगड्या काढा, मागे आणखी दोन माणसे काढा. बायकांना वेगळे बसवून विचारा. पुरुषांसमोर त्या खरे बोलणार नाहीत.

कुठे लावायचे?

हे भित्तिपत्रक पारावर, चहाच्या हॉटेलात, एस. टी. च्या थांब्यावर लावा. तिथे शेजारी बसतात.

आता बाईशी बोलू. तिच्यासाठी दुसरा, लहान कागद करा. 'त्रास होतो का? चूक तुमची नाही. १८१ वर बोला.' हा अंगणवाडीत, बचत गटाच्या खोलीत, दवाखान्यात बायकांच्या बाजूला लावा. तिच्या हातात चिठ्ठी देऊ नका. घरी सापडली तर तिचे हाल होतील. तीन आकडे मनात राहतात आणि मनाची झडती कुणी घेत नाही.

कागद लावण्याआधी पोलीस पाटील, आशाताई आणि अंगणवाडीताई यांना सांगून ठेवा. कागद वाचून कोणी त्यांच्याकडे आले, तर "नंतर ये" असे उत्तर मिळता कामा नये.

भिंत बोलेल, पण कडी वाजवायला माणूसच लागतो. जो कागद लावील, त्याने पहिली कडी वाजवण्याची तयारी ठेवावी.

अभ्यास

१. ११२ कशासाठी आणि १८१ कशासाठी?
२. शेजाऱ्याने एकट्याने का जाऊ नये?
३. मार खाणारी बाई चित्रात का काढू नये?
४. शेजाऱ्यासाठी तुमच्या शब्दांत भित्तिपत्रक लिहा. शब्द दहांपेक्षा जास्त नकोत.
५. आज घरी गेल्यावर दोन्ही नंबर घरातल्या सर्वांकडून पाठ करून घ्या.