पटाशी बोथटच बरी?

प्रश्न : निवृत्तीनंतर घरी सुतारकाम शिकतो आहे. हात कापेल म्हणून पटाशीला धार लावत नाही. पण सागवानात खाच पाडताना कडा फाटतात. काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : धोका बोथट पटाशीचाच जास्त. ती लाकडात शिरत नाही, मग जोर वाढतो आणि हत्यार निसटते.

पटाशीची पाठ आधी दगडावर सपाट करा. नंतर १००० नंबरच्या दगडावर उतार २५ ते ३० अंशांत घासा. पाठीला बारीक खरखर लागली, की पाठ सपाट ठेवून ती काढा. कागद सहज चिरला तर धार आली.

खाचेची रेघ पेन्सिलीने नव्हे, सुरीने आखा. कडा फाटत नाहीत. थोडे थोडेच कापा.

लाकूड क्लॅम्पमध्ये आवळा आणि दोन्ही हात पात्याच्या मागे ठेवा.