मोसमकाठचा बाजार

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात बागलाण नावाचा तालुका आहे. पश्चिमेकडे साल्हेर-मुल्हेरचे उंच डोंगर आणि पूर्वेकडे पसरत गेलेली शेतजमीन, असे या मुलखाचे रूप आहे. डोंगरात उगम पावलेली मोसम नदी ताहाराबाद, जायखेडा, नामपूर अशी गावे मागे टाकीत मालेगावकडे जाते आणि तेथे गिरणेला मिळते. नदीवर जागोजागी बंधारे घालून, पाटाचे पाणी ठरलेल्या पाळीने वाटून घेण्याची फड पद्धती या भागात शेकडो वर्षे चालत आली. पाणी आले तेथे पीक आले आणि पीक आले तेथे बाजार आला. मोसमकाठचे नामपूर हे आसपासच्या खेड्यांचे असेच बाजाराचे गाव होय.

बाजाराच्या दिवशी या गावाचे रूप पालटते. पहाट फुटताच चारी वाटांनी माणसे येऊ लागतात. पूर्वी बैलगाड्यांच्या घुंगरांनी या वाटा जाग्या होत. आता टेम्पो, मोटारसायकली आणि एस.टी.च्या गाड्या त्यांना जाग आणतात. कोणाच्या डोक्यावर मेथीची पाटी असते, कोणाच्या खांद्यावर दोरखंडाचे वेढे असतात, तर कोणाच्या हाती कोंबड्यांचे डालगे असते. चार काठ्या रोवून वर कापड ताणले, की झाले दुकान! याला पाल असे म्हणतात. घटका दोन घटकांत मोकळ्या जागेवर पालांचे एक नवे गावच उभे राहते. सायंकाळी ते मोडते आणि आठ दिवसांनी पुन्हा वसते.

बाहेरून आलेल्या पाहुण्याला प्रथमदर्शनी हा सारा गोंधळ वाटतो. परंतु थोडे थांबून पाहिले, म्हणजे त्यातील शिस्त ध्यानात येते. भाजीवाल्यांची ओळ निराळी, धान्याच्या राशी निराळ्या. एकीकडे लाल मिरच्यांचे ढीग, तर दुसरीकडे कुंभाराची मडकी. त्यापलीकडे बांगड्या, कापड, विळे-खुरपी, केरसुण्या आणि सुपे. डोंगराकडचे आदिवासी बांधव नागली, मध, बांबूच्या टोपल्या असा आपल्या कष्टाचा माल घेऊन येतात आणि जाताना मीठ, तेल, कपडा घेऊन जातात. जे एकाजवळ आहे ते दुसऱ्याजवळ नाही, म्हणूनच ही माणसे एकमेकांकडे येतात.

हा बाजार रोज न भरता आठवड्यातून एकदाच का भरतो? याचे उत्तर सोपे आहे. एखाद्या लहान खेड्यात दिवसाकाठी फार तर एक-दोन मडकी विकली जातील. तेवढ्यावर कुंभाराचा संसार चालणार नाही. पण वीस खेड्यांची गरज एका दिवशी एका जागी गोळा झाली, तर त्याची गाडी रिकामी होते. म्हणून जवळपासच्या गावांनी वार वाटून घेतलेले असतात. फिरता दुकानदार आज या गावी, उद्या त्या गावी असा आठवडाभर हिंडतो. गिऱ्हाईक त्याच्याकडे एक दिवस चालत जाते आणि उरलेले दिवस तो गिऱ्हाइकाकडे जातो.

असा बाजार पाहावयास जाणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बाजार म्हणजे तमाशा नव्हे. तेथे बसलेल्या प्रत्येकाचे त्या दिवसाचे पोट त्या पाटीवर अवलंबून असते. छायाचित्र घ्यावयाचे असेल, तर आधी विचारावे. भाजी चिवडून ठेवू नये. सकाळची पहिली विक्री, म्हणजे भवानी, होण्याच्या वेळी उगाच भाव विचारून निघून जाणे बरे नव्हे. येथील बोली अहिराणी आहे. तिच्यात ‘आहे’ या अर्थी ‘शे’ म्हणतात. पाहुण्याने “मावशी, काय भाव शे?” एवढे जरी विचारले, तरी समोरचा चेहरा खुलतो आणि मग भावाबरोबर भाजी कशी शिजवावी हेही सांगितले जाते.

घासाघीस हा बाजाराचा एक भागच आहे. पण तिलाही मर्यादा आहे. सकाळी ताज्या असलेल्या कोथिंबिरीचा भाव दुपारी उतरतो, कारण ती उन्हाने कोमेजते. दिवस मावळताना विकणारीला परतीची गाडी गाठायची असते आणि उरलेला माल घरी नेऊन उपयोग नसतो. तिची ही अडचण हेरून भाव पाडणे म्हणजे चातुर्य नव्हे. ज्या सौद्यात दोघेही समाधानाने उठतात, तोच खरा सौदा.

बाजाराचा सारा डोलारा मापावर उभा आहे. ‘मापात पाप करू नये’ असे आपल्याकडे जुने लोक सांगत आले. पूर्वी धान्य शेराने व पायलीने मोजले जाई. चार शेरांची पायली होई. माप शिगोशीग भरावयाचे की सपाट, यावरून दोन मुठी इकडच्या तिकडे होत. शिवाय सगळीकडचा शेर सारखा नसे. एका गावचे माप दुसऱ्या गावी लहान किंवा मोठे ठरे आणि त्यात नडला जाई तो अडाणी, गरीब माणूस. ही अडचण दूर व्हावी म्हणून १९५६ साली मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून देशात किलोग्रॅम व मीटर ही माने टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याच सुमारास, १ एप्रिल १९५७ रोजी, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आज तराजू आणि वजने ठरावीक मुदतीने सरकारी अधिकाऱ्याकडून तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो. हा लहानसा शिक्का म्हणजे न बघितलेल्या माणसाला दिलेले वचनच होय.

नाणे हेदेखील एक मापच आहे. ते मोलाचे माप. बागलाणला याचा मोठा इतिहास आहे. दक्षिणेतून सुरतेच्या बंदराकडे जाणारा व्यापार या मुलखातून होत असे. येथील बागुल राजांनी मुल्हेर येथे ‘महमुदी’ नावाची चांदीची नाणी पाडली होती. १६३८ साली औरंगजेबाने, तो शाहजादा असताना, बागलाण जिंकून मोगली राज्यास जोडले. राजे गेले, राज्ये गेली. परंतु नाण्यातील चांदी खरी असली पाहिजे, ही व्यापाऱ्याची अट मात्र कोणत्याही राज्यात बदलली नाही.

आता पालांचा बाजार सोडून कांद्याच्या बाजाराकडे वळू या. नामपूरला कृषी उत्पन्न बाजार समिती असून तेथे कांद्याचे लिलाव होतात. उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखाच्या सुमारास निघतो. शेतकरी तो हवेशीर कांदाचाळीत साठवून ठेवतात आणि पुढे काही महिने थोडाथोडा बाजारात आणतात. कांद्याने भरलेली वाहने ओळीने उभी राहतात. व्यापारी माल हाताळून पाहतात आणि सर्वांच्या समक्ष बोली चढू लागते. शेतकरी आपल्या वाहनाजवळ उभा असतो. तो काही बोलत नाही, पण त्याचे सारे लक्ष त्या आकड्यांकडे लागलेले असते. क्विंटलमागे शंभर रुपयांचा फरक पडला, तर वीस क्विंटलांमागे दोन हजार रुपयांचा फरक पडतो. मुलांची फी, बियाण्याची उधारी, घरातील लग्नकार्य, हे सर्व त्या एका आकड्यात असते.

पूर्वी अनेक बाजारांत भाव असा उघड ठरत नसे. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून खुणेने भाव ठरवीत. ज्याचा माल, त्यालाच त्याचा भाव कळत नसे! मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला आणि पुढे महाराष्ट्र राज्याने १९६३ साली आपला कायदा केला. उघड लिलाव, खरे वजन आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असलेली समिती या गोष्टी अशा कायद्यांमुळे बाजारात आल्या. रुमाल दूर झाला, हे मोठेच काम झाले.

तरीही भाव केवळ बाजाराच्या आवारातच ठरतो असे नाही. अवकाळी पाऊस झाला, तर चाळीतला कांदा सडतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि मे २०२४ मध्ये ती उठवली. शहरातील माणसाला कांदा महाग पडू नये, हा बंदीमागचा हेतू होता. परंतु भाव उतरल्यामुळे शेतकऱ्याला झळ बसली. खाणाऱ्याला परवडावे आणि पिकवणाऱ्यालाही पुरावे, असा भाव साधणे ही अवघड गोष्ट आहे. बाजारात उभे राहिल्यावर या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच ठिकाणी दिसतात.

दूरच्या जगाशी बाजाराचे नाते हे काही आजचे नव्हे. नामपूरच्या बाजारातील लाल मिरचीचा ढीग पाहून ती मुळातली इथलीच असावी असे वाटते. ठेच्यावाचून बाजरीची भाकरी गोड लागत नाही, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. पण मिरचीचे माहेर आहे मेक्सिको देशाच्या बाजूला. मका आणि टोमॅटो ही पिकेदेखील अमेरिका खंडातूनच जगभर गेली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मिरची भारतात आणली आणि गोव्याच्या किनाऱ्यावरून ती हळूहळू साऱ्या देशाच्या स्वयंपाकघरात शिरली.

त्या मेक्सिकोतही असेच फिरते बाजार भरतात. त्यांना ‘तियांगीस’ म्हणतात. हा शब्द तेथील प्राचीन नाहुआत्ल भाषेतून आला आहे. शहरांतील वस्त्यांमध्ये ठरलेल्या वारी रस्त्यावरच रंगीत कापडांची पाले उभी राहतात. मिरच्यांचे नाना प्रकार, मका, फळे आणि मडकी यांनी रस्ता भरून जातो. चार आपुलकीचे शब्द बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला तेथील विक्रेती मालावर थोडे अधिक घालते. त्या वरच्या घासाला ‘पिलोन’ असे नाव आहे. भाजी घेतल्यावर आपल्याकडील मावशी पिशवीत चार मिरच्या किंवा कढीलिंबाची काडी टाकते, तसेच हे!

१५१९ साली हर्नान कोर्तेस हा स्पॅनिश सेनानी मेक्सिकोत गेला, तेव्हा तेथील त्लातेलोल्को येथील बाजार पाहून तो थक्क झाला. त्या बाजारात रोज साठ हजारांहून अधिक माणसे देवघेव करतात, असे त्याने आपल्या राजाला कळविले. तेथे कोकोच्या बिया नाण्यांसारख्या चालत. माल वजनाने नव्हे, तर मोजून किंवा मापाने विकला जाई. बाजारातच दहा-बारा न्यायाधीश बसत आणि तक्रारींचा तेथल्या तेथे निवाडा करीत. काही अधिकारी मापे तपासत फिरत आणि खोटे माप आढळले, तर ते फोडून टाकीत. मधे अफाट महासागर, भाषा निराळी, देव निराळे. पण खोट्या मापाचा राग मात्र तिकडेही तोच होता.

पालांच्या बाजारात दिवस कलला, की शेवटचे सौदे उरकू लागतात. एखाद्या बाईला फाळके विकत घ्यायचे असते, पण चार पैसे कमी पडतात. विक्रेता म्हणतो, “न्या माय, पुढच्या बाजाराला द्या.” कागद नाही, सही नाही. त्याला तिचे गावही नीट ठाऊक नसते. त्याला एवढेच ठाऊक असते, की आठ दिवसांनी तो त्याच जागी पाल ठोकणार आहे आणि तीही त्याच वाटेने येणार आहे. कायद्याने तराजू खरा ठेवता येतो; हा भरवसा मात्र माणसांनाच जपावा लागतो. तो आहे तोवर चार काठ्या आणि एक कापड एवढ्यावरही बाजार उभा राहतो.

अभ्यास

१. आठवडे बाजार रोज न भरता एकाच दिवशी का भरतो, ते पाच-सहा ओळींत लिहा.
२. ‘हा लहानसा शिक्का म्हणजे न बघितलेल्या माणसाला दिलेले वचनच होय,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. उघड लिलावामुळे शेतकऱ्याचा कोणता फायदा झाला?
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : भवानी, शिगोशीग, घासाघीस, भरवसा.
५. तुमच्या गावच्या बाजारात जा. तेथील एका विक्रेत्याशी बोला. त्याचा माल कोठून येतो, तो आठवड्यात कोणकोणत्या गावी जातो आणि परत केव्हा येतो, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.