विलायतेतील करमुक्त खाते : पेढी निवडण्याआधीचा हिशेब

कोकणातील बऱ्याच मुस्लिम घरांतले कोणी ना कोणी विलायतेत कामधंद्याला आहे. सुट्टीत गावी आलेले हे बंधू आम्हाला हमखास विचारतात की, आयसा खाते उघडायचे आहे, मोबाईलवर डझनभर कंपन्या दिसतात, त्यांत स्वस्त कोणती? कंपनीचे नाव सांगणे आमचे काम नव्हे. हिशेब कसा मांडावा, ते सांगतो.

आयसा, म्हणजे इंडिव्हिज्युअल सेव्हिंग्ज अकाउंट, ब्रिटनमध्ये एप्रिल 1999 मध्ये सुरू झाले. 2017 पासून त्यात वर्षाला 20,000 पौंडांपर्यंत भरता येतात. शेअर व फंडांच्या आयसात मिळालेल्या नफ्यावर आणि लाभांशावर तिथला कर नाही. खात्याबाहेर मात्र एप्रिल 2024 पासून लाभांशाचे फक्त 500 पौंड आणि विक्रीतील नफ्याचे 3,000 पौंड करमुक्त राहिले आहेत. म्हणून मध्यम कमाईच्या दुकानदारालाही हे खाते उपयोगाचे आहे.

आता पेढीचा आकार. काही पेढ्या अडत्यासारख्या शेकड्याने घेतात, काही गाळ्याच्या भाड्यासारखी ठरलेली रक्कम घेतात. समजा, एक पेढी वर्षाला 0.45 टक्के घेते आणि दुसरी महिना 5 पौंड, म्हणजे वर्षाला 60. खात्यात 6,000 पौंड असतील तर पहिली 27 पौंड घेईल. तीच स्वस्त. पण 40,000 झाले की तिचेच 180 होतात आणि भाडेवाली 60 वरच राहते. साधारण 13,300 पौंडांवर दोन्ही सारख्या पडतात. तेव्हा आज किती आहे याबरोबर पाच-सात वर्षांनी किती होईल, तेही पाहावे.

जाहिरातीत 'फुकट' लिहिलेले असले तरी दराचा पूर्ण तक्ता वाचावा. दर खरेदीला 5 पौंड घेणाऱ्या पेढीत महिन्याला 100 पौंड गुंतवले, तर शंभराला पाच दारातच गेले! परदेशी शेअर घेताना चलन बदलण्याचा आकार वेगळा, फंडाचा स्वतःचा वार्षिक खर्च वेगळा.

आपल्यासाठी मात्र दराआधी माल पाहणे आले. पेढीवर शरियतसंमत फंड आहेत का? उदाहरणार्थ, एचएसबीसीचा इस्लामिक ग्लोबल इक्विटी इंडेक्स फंड. अशा फंडांत व्याजी बँका, दारू, जुगार यांच्या कंपन्या आणि प्रमाणाबाहेर कर्ज असलेल्या कंपन्या वगळलेल्या असतात. हलाल फंड नसलेली पेढी कितीही स्वस्त असली तरी आपल्या काय कामाची? खात्यात पडून राहिलेल्या रोकडीवर बऱ्याच पेढ्या व्याज देतात. ते बंद करण्याची सोय काही ठिकाणी असते. नसेल तर ती रक्कम सवाबची नियत न ठेवता गरजूंना द्यावी, असे उलेमा सांगतात. आणि करमुक्त म्हणजे जकातमुक्त नव्हे. शेअरवर जकात कोणत्या रकमेवर काढावी याबाबत मतभेद आहेत, तेव्हा आपल्या आलिमांना विचारावे.

पेढी तिथल्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीच्या नोंदीत आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी तपासावे. पुढे पेढी बदलायची झाल्यास पैसे काढून दुसरीकडे भरू नयेत. नव्या पेढीकडून बदलीचा अर्ज भरून घ्यावा, नाहीतर काढलेल्या रकमेची करमुक्ती जाण्याचा धोका असतो.

एक गोष्ट आमचे बंधू विसरतात. ब्रिटनचे रहिवासी राहिला नाहीत की आयसा ठेवता येते, पण सहसा त्यात नवी भर घालता येत नाही. परदेशी राहणाऱ्याला काही पेढ्या खरेदीही करू देत नाहीत. शिवाय कायमचे गावी परतून भारताचे सर्वसाधारण रहिवासी झालात, की तुमचे जगभरातील उत्पन्न इथल्या कराच्या कक्षेत येते. तिथली करमुक्ती इथे चालत नाही आणि विवरणपत्रात ते खाते दाखवावे लागते. परतीचे तिकीट काढण्याआधी पेढीला लेखी विचारावे आणि इथल्या करसल्लागारालाही गाठावे.