आपल्या चढाईपटूला कॉलेज शोधत येईल का?

प्रश्न : अमेरिकेत म्हणे शाळेच्या फुटबॉल संघात चेंडू घेऊन मुसंडी मारणाऱ्या पोरांना, म्हणजे 'रनिंग बॅक'ना, कॉलेजचे प्रशिक्षक घरी येऊन घेऊन जातात. माझा पोरगा बारावीत आहे, कबड्डीत चढाई जोरात करतो. त्याला असं कोणी नेईल का?
– एक पालक, रिद्धपूर (ता. मोर्शी)

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. तिथे विद्यापीठांच्या फुटबॉलला टीव्हीचा प्रचंड पैसा मिळतो. वरच्या श्रेणीतल्या एकेका संघाला अनेक वर्षं 85 खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येत असे. त्यामुळे प्रशिक्षक शाळकरी पोरांच्या सामन्यांची चित्रफीत पाहतात आणि आईबापांना भेटायला घरी जातात.

आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने चालते. आधी प्रवेश, मग निवड. पोरगा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात दाखल झाला, की तिथले शारीरिक शिक्षण संचालक चाचणी घेतात. पुढे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, सराव शिबिर आणि मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. विद्यापीठाकडून खेळलेल्याला आपल्याकडे 'कलर होल्डर' म्हणतात. वयाची अट 17 ते 25 वर्षांची.

तरी चांगल्या पोरावर नजर असतेच. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांना संचालक आणि जुने खेळाडू मैदानाच्या कडेला उभे असतात. ते नुसते गुण मोजत नाहीत. तीस सेकंदांच्या चढाईत पोरगा दम कसा राखतो, समोर सहा-सात गडी असताना बोनस घेऊन वेळेत परततो का, घोटा धरला गेल्यावर मध्यरेषेकडे हात टाकतो की तिथेच ढेपाळतो, हे पाहतात. दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची तिसरी तर डोळ्यांत तेल घालून पाहतात. ती 'करो या मरो'ची, गुण नाही आणला तर गडी बाद. दोन गड्यांमधली फट हेरणं हेच रनिंग बॅकचंही काम, पण त्याला पुढेच जायचं असतं. आपल्या गड्याला परत यावं लागतं.

खेळातच करिअर करायचं असेल तर अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ जवळच आहे. 1914 साली स्थापन झालेल्या या मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली होती. शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालयही तिथे आहे.

म्हणून कोणी दारात येईल याची वाट पाहू नका. स्पर्धांची सगळी प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये लावा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी स्पर्धेची पातळी आणि मिळवलेलं स्थान पाहिलं जातं, म्हणून नियम जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घ्या. आणि प्रवेश अर्ज भरण्याआधी दोन-तीन महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण संचालकांना पोराला घेऊन भेटा. जिथे रोज सराव होतो, तेच कॉलेज निवडा.